अडतीस हजारांची जोडी आणि मागून येणारं वऱ्हाड

*काका, नमस्कार. मी दिंडोरी तालुक्यातला, वय २८. द्राक्षबाग आहे. मामांची १९९२ ची जिप्सी ४१० दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. बागेत वापरतो, आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर पेठ-हरसूलकडच्या कच्च्या वाटांवर नेतो. गाडी अरुंद असल्यामुळे आडव्या उतारावर भीती वाटते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, घाटात पाय दुखतो. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. पुढच्या चाकामागच्या गोळ्यातून तेल गळतं. नाशिकला एका भंगारवाल्याकडे जिप्सी किंगचे पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल आहेत, डिस्कसकट ३८ हजार म्हणतो. गॅरेजवाला म्हणतो, बसवायचे ७ हजार, दोन दिवसांचं काम, “नट-बोल्टचा खेळ आहे.” माझ्याकडे ८० हजार आहेत. उरलेल्या ३५ हजारांत २३५/७५ आर १५ चे टायर घ्यावेत असा विचार आहे (सध्या २०५/७० आर १५ आहेत). एक मित्र म्हणतो बोलेरोचे अ‍ॅक्सल टाक, जन्मभर तुटणार नाहीत. बजेट बरोबर आहे का? विसार देऊन टाकू का?*
*— अरुंद जिप्सीवाला, दिंडोरी*

अरे दिंडोरीकरा,

विसार देऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

गॅरेजवाला खोटं बोलत नाहीये, हे आधी सांगतो. अरुंद ४१० खाली रुंद अ‍ॅक्सल जाणं ही काही अचाट गोष्ट नाही. मारुतीने स्वतःच १९९३ साली जिप्सीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ९० मिलीमीटरने वाढवला. पुढे १२१० चे १३०० झाले, मागे १२२० चे १३१०. १९९६ ला १३०० सीसीची किंग आली, तीही याच रुंदीची. पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची) गाडी, खाली सलग अ‍ॅक्सल, यू-बोल्टने आवळलेला. म्हणून तो ‘नट-बोल्टचा खेळ’ म्हणतो. जुना अ‍ॅक्सल खाली घेऊन नवा वर टांगायला दोन दिवस पुरतात हेही खरं. गाडी रस्त्यावर धावायला लागते ती मात्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि मधल्या दिवसांचा खर्च त्याने तुला सांगितलेला नाही. तू विचारलाही नसशील. लग्नात नवरानवरीचा खर्च ठरलेला असतो, घर बुडतं ते वऱ्हाडापायी.

तर वऱ्हाडाची यादी करू. आकडे ठोकळ आहेत, तुझ्या दुकानदाराकडून खरे घे आणि माझे खोडून त्यावर लिही.

भंगारातून आलेला अ‍ॅक्सल जसाच्या तसा गाडीखाली जात नाही. तो जमिनीवर पूर्ण उघडायचा. पुढच्या अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला वरखाली दोन किंगपिन बेअरिंगं, चाकाची बेअरिंगं, नकलचं (तू म्हणतोस त्या गोळ्याचं) मोठं सील आणि फेल्ट, आतलं तेलाचं सील. मागे दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सीलं. शिवाय दोन्हीकडे पिनियनचं सील. हे सगळं नवीन घालायचं. “चालतंय की अजून” असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. बारा-चौदा हजार इथे गेले. तुझ्या गाडीत गळतंय तोच गोळा किंगच्या अ‍ॅक्सललाही आहे, आणि तो कुणाच्या तरी गाडीत वीस वर्षं गळूनच भंगारात आला असणार.

मग ब्रेक. डिस्क आल्या म्हणजे ब्रेक आला, असं नसतं. ड्रमसाठी असलेला मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) डिस्कला पुरेसं तेल ढकलेलच असं नाही, आणि डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो. तुझ्या पेडलमागे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आहे का ते बॉनेट उघडून बघ. घाटात पाय दुखतो म्हणतोस त्यावरून नसावा. किंगचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर जोडीने शोधावे लागतील, ते बसवायला जागा करावी लागेल, पाईप नव्याने वाकवावे लागतील, रबरी होज नवे लागतील, कॅलिपरचं किट आणि पॅड लागतील. आणखी बारा ते पंधरा. यात एक रुपयाचीही काटकसर करू नकोस, भंगारातला होज तर हातातही घेऊ नकोस. हँडब्रेक कुठे आहे तेही खाली वाकून बघ. काही जुन्या गाड्यांत तो ट्रान्सफर केसच्या (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो, काहींत मागच्या चाकांवर. तुझा पहिल्या तऱ्हेचा असेल तर त्याला हात लागणार नाही, सुटलास. दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर केबलची लांबी जुळवावी लागेल.

स्टिअरिंगचा लांब टायरॉड अ‍ॅक्सलबरोबरच येतो, पण स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक रुंदीप्रमाणे वेगळा लागतो. भंगारवाल्याकडे तोही आत्ताच माग. नंतर एकटा मिळवायला गेलास तर नाक मुठीत धरून पैसे मोजशील. एंड सगळे नवे. चार हजार. पाट्यांचे बुश, शॅकल पिना, यू-बोल्ट, पाच हजार. यू-बोल्ट एकदा ताणला की तो संपला, जुने परत आवळायचे नाहीत. प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यांचे) चारही क्रॉस, म्हणजे सांधे, तीन हजार. फ्लँजच्या भोकांमधलं अंतर जुळतंय का ते विसार देण्याआधी कागदावर छापा घेऊन ताडून बघ. नाही जुळलं तर लेथवाला आला, आणि लेथवाला आला की आठवडा गेला. गिअर ऑइल, ग्रीस, ब्रेक ऑइल मिळून दोनेक हजार. अ‍ॅक्सल आणण्याचा टेम्पो, अलाइनमेंट, चार हजार.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षातच आली नसेल. रुंद ट्रॅकच्या जिप्सीला कंपनीने मडगार्डवर फुगीर पट्टे दिले होते, त्यावरूनच ती लांबून ओळखू येते. तुझ्या अरुंद बॉडीवर ते नाहीत. चाकं दोन्हीकडे ४५-४५ मिलीमीटर बाहेर येतील, टायर रुंद घेतलेस तर आणखी. बागेतली काळी माती थेट दारावर, आरशावर आणि खिडकी उघडी असेल तर तोंडावर. पट्टे बसवणं आणि रंग, पाच हजार.

मजुरी सात हजार फक्त उतरवण्या-चढवण्याची आहे. दोन्ही अ‍ॅक्सल उघडणं, ब्रेक बदलणं, पाईप, जुळवाजुळव धरून पंधरा सांगितली तरी मला ती जास्त वाटणार नाही.

बेरीज कर. अडतीसाच्या जोडीवर साधारण पासष्ट हजारांचं वऱ्हाड, म्हणजे एक लाख तीन हजार. टायर अजून घेतलेलेच नाहीत. आणि जुन्या गाडीच्या कामात चौथा हिस्सा ‘काय निघेल ते’ म्हणून बाजूला ठेवावाच लागतो, ते पंचवीस हजार. टायरशिवाय सव्वा लाखाच्या पुढे. तुझ्याकडे ऐंशी. म्हणजे गाडी चार विटांवर उभी, समोर उघडा ब्रेक पाईप, आणि तू सोसायटीच्या कर्जातले पैसे कसे वळवायचे याच्या विचारात. हे चित्र मी इतक्या शेडमध्ये पाहिलंय की आता त्या गाड्यांवरच्या कोंबड्यासुद्धा ओळखीच्या वाटतात.

जुने अ‍ॅक्सल विकून भर घालू, असा विचार मनात आला असेल तर तोही काढून टाक. ते जपून ठेवायचे. का ते पुढे सांगतो.

आता टायर आणि दात. हे दोन्ही एकत्रच बघावं लागतं, आणि इथे पैशापेक्षा जास्त काहीतरी जातं.

अ‍ॅक्सलच्या पोटात क्राउन आणि पिनियन ही दोन दातेरी चक्रं असतात. पिनियनला ९ दात आणि क्राउनला ३७ असतील तर गुणोत्तर ४.११. पिनियनला ११ आणि क्राउनला ४१ असतील तर ३.७३. सुझुकीच्या याच घराण्यातल्या परदेशी गाड्यांत हजार सीसीच्या इंजिनाला पहिली जोडी आणि तेराशेला दुसरी, असं आढळतं. कारण सरळ आहे, मोठ्या इंजिनाला कमी गुणोत्तर झेपतं. भंगारातल्या अ‍ॅक्सलमध्ये कोणती जोडी आहे ते विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नकोस, मोजून घे. मोजायला अ‍ॅक्सल उघडावा लागत नाही. एका बाजूचं हब एका माणसाने घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्या बाजूचं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं, आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिच्या फेऱ्या मोजायच्या. चारच्या थोडं पुढे गेली तर ४.११. पावणेचारच्या अलीकडेच थांबली तर ३.७३. पुढच्या अ‍ॅक्सलला फ्री-व्हील हब असतील तर ते ‘लॉक’वर ठेवून. दोन्ही अ‍ॅक्सल मोज, एक मोजून दुसरा तसाच असेल असं धरू नकोस. भंगारात पुढचा एका गाडीचा आणि मागचा दुसरीचा, हे सर्रास चालतं. दोघांचं गुणोत्तर वेगळं निघालं तर ती जोडी तुझ्या उपयोगाची नाही. जिप्सीच्या फोर व्हीलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. पुढचं-मागचं सारख्या गतीने फिरलं नाही तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो म्हणून कळत नाही. घट्ट रस्त्यावर पहिल्याच वळणाला गाडी अडखळते.

समजा तुझ्या गाडीत आज ४.११ आहे, भंगारातली जोडी ३.७३ ची निघाली आणि तू तुझ्या मनातले टायरही टाकलेस. २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलीमीटर. २३५/७५ आर १५ चा जवळजवळ ७३४, म्हणजे दहा टक्के जास्त. टायर जेवढा मोठा तेवढा चाकाचा जोर कमी, आणि दातांनी नऊ टक्के आणखी काढून घेतला. दोन्ही मिळून शंभरातला सतरा भाग जोर गेला. तुझ्या इंजिनात ९७० सीसी आणि नवं असताना ४५ घोडे होते. इतक्या वर्षांत त्यातले किती हयात आहेत ते तुलाच माहीत. हरसूलच्या चढावर आज दुसऱ्यात जाणारी गाडी पहिल्यात जाईल, आणि पहिल्यात जाणारी जाणारच नाही. क्लच जळल्याचा वास येईल तो वेगळाच. शिवाय जिप्सीच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तिला चाकाचा पत्ता नसतो. आता मीटर खरं बोलत असेल तर या बदलानंतर ते ५० दाखवेल तेव्हा गाडी ६० ने पळत असेल. एवढे मोठे टायर मडगार्डला घासणार, म्हणून गाडी उचलायची, उचलली की शॉकअब लांब लागणार, प्रोपेलरचा कोन बदलणार… तू ३५ हजारांत टायर घ्यायला निघाला होतास ना?

बोलेरोचं दोन ओळीत. मागचा मिळेल, पुढचा कुठून आणशील? बोलेरोच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे तुला हवा तसा सलग अ‍ॅक्सल नसतोच. जुन्या महिंद्रा जीपचा शोधावा लागेल, त्याला वेल्डिंगची बैठक करावी लागेल, आणि टनाभराच्या गाडीच्या पायात लोखंडी बेड्या पडतील. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही पावसाळ्यातली, चिखलात गाड्या घालण्याची स्पर्धा भारतात २०१४ ला गोव्यात सुरू झाली. तिच्यासारख्या स्पर्धेसाठी, ट्रेलरवरून न्यायची गाडी बांधणाऱ्याने असले उद्योग करावेत. तुला गाडीतून औषधाचे डबे न्यायचे आहेत. मित्राला म्हण, आधी तू टाक.

कायद्याचं मात्र दोन ओळीत आटपत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. “पण काका, त्याच कंपनीचा, त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा अ‍ॅक्सल आहे” असं तू म्हणशील. मलाही हा मुद्दा रास्त वाटतो. पण तो मला वाटून उपयोग नाही, आरटीओला वाटला पाहिजे. म्हणून एक अर्ज लिही: अमुक मॉडेलच्या जागी कंपनीच्याच तमुक मॉडेलचे अ‍ॅक्सल आणि डिस्क ब्रेक बसवायचे आहेत, चालेल का. पोच घे, उत्तर लेखी घे. विमा कंपनीलाही तसंच विचार, नाहीतर अपघातानंतर त्यांचा माणूस खाली वाकून बघेल आणि तुझा दावा तिथेच संपेल. तुझी गाडी १९९२ ची, म्हणजे पंधरा वर्षांनी २००७ ला आणि मग दर पाच वर्षांनी तिचं पासिंग. पुढची पाळी २०२७. तिथे काही अडलं तर मूळ अ‍ॅक्सल परत चढवता आले पाहिजेत, आणि म्हणून ते विकायचे नाहीत. तेल भरून, तोंडाला बूच मारून, शेडच्या कोपऱ्यात आडवे ठेव. मूळ रूपातल्या अरुंद ४१० ला शोधत येणारे हौशी लोक आता वाढलेत. उद्या गाडी विकलीस तर तेच अ‍ॅक्सल तुला पैसे मिळवून देतील.

आता तुझ्या ऐंशी हजारांचं काय करायचं ते सांगतो.

तू चार तक्रारी लिहिल्यास: आडव्या उताराची भीती, ब्रेक, थरथर आणि गळती. यातली थरथर आणि गळती यांचा रुंदीशी काडीचा संबंध नाही. थरथर किंगपिन बेअरिंग, टायरॉडचे एंड, चाकाचा बॅलन्स यांतून येते. पुढचं चाक जॅकवर उचल, वरून आणि खालून धरून हलव. खटखटलं तर बेअरिंग. गळती म्हणजे सील. ब्रेक अर्धा संबंधित आहे. नव्या शू, नवे व्हील सिलिंडर आणि नीट अ‍ॅडजस्ट केलेले चार ड्रम काय करू शकतात ते आजकाल कोणी पाहिलेलंच नाही, कारण कोणी ते अ‍ॅडजस्टच करत नाही. रुंदीने सुटणारी तक्रार एकच, आडवा उतार. आणि त्यातही छतावरच्या कॅरिअरवर तू काय काय लादतोस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. कॅरिअर काढून एकदा त्याच उतारावर जाऊन ये, फुकटात आहे.

म्हणून माझा हिशेब असा: जो खर्च जुन्या अ‍ॅक्सललाही लागू पडतो आणि उद्या रुंद टाकलेस तर त्यालाही लागू पडतो, तो आधी कर. पाट्यांचे बुश, शॅकल पिना, शॉकअब, प्रोपेलरचे क्रॉस, स्टिअरिंग बॉक्सची दुरुस्ती हे सगळं गाडीबरोबर राहतं. टायरसुद्धा, कारण चाकाच्या पाच बोल्टांचं वर्तुळ दोन्हीकडे १३९.७ मिलीमीटरचंच आहे. रिम मात्र डिस्कच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे एक रिम घेऊन भंगारवाल्याकडच्या हबवर लावून बघ. टायर २१५/७५ आर १५ घे. व्यास साधारण ७०४, पाचच टक्के जास्त, तुझ्या इंजिनाला झेपेल, गाडी उचलावी लागू नये. पाचवा स्टेपनीचाही त्याच मापाचा. टायरना चाळीस-पंचेचाळीस, बाकीला पंधरा. उरलेल्या वीस हजारांत जुन्याच पुढच्या अ‍ॅक्सलचे किंगपिन, सीलं, बेअरिंगं आणि चारही ब्रेक. हे शेवटचे वीस हजार उद्या रुंद अ‍ॅक्सल टाकलेस तर वाया जातील, खोटं कशाला सांगू. पण तोवर एक-दोन पावसाळे ब्रेक लागलेली गाडी चालवशील, त्याची किंमत वीस हजारांहून कमी नाही.

यातच शंभर-दोनशे रुपयांचं एक काम आहे, ते विसरू नकोस. दोन्ही अ‍ॅक्सलवर एक छोटी श्वासनळी असते. कादवेच्या पाण्यात गाडी उतरवतोस तेव्हा आतलं गरम तेल एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि अ‍ॅक्सल जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेतो. तेल काढून बघ. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. नळीला रबरी पाईप जोडून तो वर बॉनेटखाली, इंजिनाच्या उंचीवर न्यायचा. दहा मिनिटांचं काम. एवढं न केल्यामुळे मी माझा एक मागचा अ‍ॅक्सल घालवला होता, आणि तेव्हा लोकांना सल्ले देण्याइतकं मला कळतं असं मला वाटायचं.

मग एक पावसाळा काढ. तरीही आडवा उतार छातीत धडकी भरवत असेल, आणि आरटीओचं उत्तर अनुकूल असेल, तर अ‍ॅक्सल घे. पण टप्प्याने. जोडी आधी घेऊन शेडमध्ये टाक, गाडी चालू ठेव. जमिनीवर उघड, एकेक भाग घाल, पैसे येतील तसे. शेवटच्या नटापर्यंत सगळं सामान ओट्यावर मांडलेलं असेल तेव्हाच गाडी वर घ्यायची, आणि तेव्हा ते खरंच दोन-तीन दिवसांचं काम ठरेल. ऑक्टोबर छाटणीत किंवा काढणीत गाडी उघडायची नाही हे तुला मी सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी उरकून फुटवे मार्गी लागले की मे महिन्यात.

भंगारवाल्याकडे जाताना आणखी दोन गोष्टी. मागचा अ‍ॅक्सल वाकलेला नाही ना हे बघ. त्याला दोन रिम लावून घे, आणि हबच्या उंचीवर, दोन्ही रिमांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर टेपने मोज. दोन्ही सारखं यायला हवं. मी एकदा हे न बघता जोडी आणली होती. आठ महिन्यांत मागचे दोन टायर आतून सुरीने तासल्यासारखे झाले तेव्हा कळलं की हाउसिंगच वाकलेलं आहे. विकणाऱ्याने हात वर केले, माझ्याकडे बिल नव्हतं. म्हणून दुसरी गोष्ट: बिल. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सींचा माल बाजारात फिरतो, तो चांगला असू शकतो, पण कुठून आला याचा कागद हवा. चोरीच्या गाडीचा अ‍ॅक्सल स्वस्त का मिळतो हे विचारायची पाळी पोलिसांवर येऊ देऊ नकोस.

तर उद्या सकाळी कॅरिअर काढ, चाक जॅकवर घे, आणि स्वतःच्या गाडीचं गुणोत्तर मोज: मागची दोन्ही चाकं अधांतरी, गिअर न्यूट्रलमध्ये, दोन्ही चाकं एकदम एक फेरी, प्रोपेलरवर खडूची खूण. जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लाव आणि पुढच्या चाकांना दगड. मग भंगारवाल्याकडच्या जोडीचं मोज. दोन्ही आकडे मला कळव. ४.११ ची जोडी ३८ हजारांत खरंच मिळत असेल तर, घाई नको म्हटलं तरी, ती हातची जाऊ द्यावी असं मलाही वाटत नाही.

— काका